सी-ट्रायलला पहिल्यांदा निघताना

नवं जहाज मालकाच्या ताब्यात देण्याआधी समुद्रात चालवून तपासतात, ती सी-ट्रायल. तिच्या यादीत नाव लागलं की लोक आधी बॅग भरायला बसतात. तुम्ही आधी भरतीची वेळ विचारा. माझगावच्या बाजूच्या गोदीतून नवं जहाज बाहेर काढायचं तर पाणी चढलेलं हवं, आणि मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. भरती पहाटे साडेतीनला असली तर जहाज पहाटे साडेतीनला निघणार. डॉकयार्ड रोडला येणारी पहिली लोकल तुमच्या कामाची नाही. आदल्या संध्याकाळीच गोदीत पोचा, जेवून घ्या, मिळेल तिथे पाठ टेका.

मी इंजिनकडचा माणूस. फिटर म्हणून लागलो, चार्जमन होऊन निवृत्त झालो. हा लेख आयटीआय किंवा डिप्लोमा करून नुकत्याच गोदीत लागलेल्या मुलामुलींसाठी आहे. पहिल्या ट्रायलला काय बघायचं, कुठे उभं राहायचं आणि कुठे अजिबात उभं राहायचं नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पहिली ट्रायल मेन इंजिनाकडे भाविकासारखा बघत घालवली. इंजिन सुरेख चाललं. बिघडलं ते सगळं दुसरीकडे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

जहाजात बसणारी प्रत्येक वस्तू आपल्या घरून पास होऊन आलेली असते. इंजिन कारखान्यातल्या टेस्ट बेडवर तासन्‌तास चाललेलं असतं. पंपाला सर्टिफिकेट असतं, व्हॉल्व्हला दाब देऊन झालेला असतो, केबलचं इन्सुलेशन मेगरने तपासलेलं असतं. तरी समुद्रात गेल्यावर कटकटी सुरू होतात, कारण टेस्ट बेड वाकत नाही आणि जहाज वाकतं. कारखान्यात पंपाच्या दोन्ही टोकांना कारखान्याचेच पाइप होते. इथे एका टोकाला आपल्या वेल्डरने जोडलेला पाइप आहे आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्याच ठेकेदाराचा. ट्रायल होते ती या जोडांची. म्हणून इंजिनासमोर गर्दी करू नका, तिथे कंपनीची माणसं असतातच. दोन वस्तू जिथे एकमेकींना भेटतात तिथे बसा: फ्लॅंज (पाइपच्या टोकांच्या, बोल्टने आवळलेल्या चकत्या), कपलिंग, फाउंडेशनचे बोल्ट, बल्कहेडमधून म्हणजे आतल्या भिंतीतून केबल जाते ती जागा, एका खात्याचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं ती जागा.

कोळीवाड्यातली नवी लाकडी होडी पाण्यात टाकली की आधी थोडी गळते. मग लाकूड फुगतं आणि सांधे आपोआप घट्ट होतात. लवजी वाडियांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानाची जहाजं बांधली, त्यातलं १८१७ साली पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. पोलाद असं फुगून तुमची चूक पोटात घालत नाही. त्याचे सांधे माणसालाच बसवावे लागतात, आणि ते बसलेत की नाही हे लाटेवर गेल्याशिवाय कळत नाही.

गोदीत असतानाच करायची कामं

शाफ्टचं अलाइनमेंट, म्हणजे इंजिनापासून प्रोपेलरपर्यंतचा शाफ्ट एका रेषेत आहे का याचं माप, पहाटे का घेतात, हे नव्या मुलांना कोडं वाटतं. सुपरवायझरला झोप येत नाही म्हणून नव्हे. दुपारच्या उन्हात वरचा डेक तापून लांब होतो, तळ मात्र पाण्यात गार राहतो, त्यामुळे आख्खं जहाज किंचित कमानीसारखं होतं. मग शाफ्टच्या बेअरिंगची उंची एकमेकींच्या हिशेबात बदलते. हे फरक मिलिमीटरच्या अंशांत असले तरी बेअरिंगला पुरेसे असतात. स्लिपवेवर, म्हणजे जहाज बांधायच्या उतारावर, असताना घेतलेलं मापही पाण्यात उतरल्यावर पुन्हा घ्यावं लागतं, कारण जमिनीने टेकू दिलेलं जहाज आणि पाण्याने उचललेलं जहाज यांचा आकार एक नसतो. हे माप घेताना बोलावलं तर झोप मोडून जा. वर्षभराच्या लेक्चरपेक्षा जास्त कळेल.

निघण्याआधीच्या दिवशी एक छोटी रंगाची डबी आणि बारीक ब्रश घ्या. तुमच्या वाट्याला आलेल्या भागातल्या फाउंडेशन बोल्टच्या प्रत्येक नटावर, नटावरून खालच्या प्लेटपर्यंत सलग अशी एक सरळ रेघ ओढा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. टॉर्कचा पाना घेऊन शंभर नट तपासण्यापेक्षा टॉर्चने शंभर रेघा बघणं सोपं. पहिली ट्रायल झाली की काही रेघा तुटलेल्या असणारच. नवीन जोड दाबले जातात, रंगाचा थर चिरडतो, वॉशर बसतो. ते नॉर्मल आहे, मात्र आपल्या नजरेला पडलं पाहिजे.

इंजिनरूममधून बाहेर पडायच्या दोन वाटा डोळे मिटून चालून बघा. खरोखर मिटून. लाइफजॅकेट हातात घेऊन शिट्टी आणि दिवा तपासा. ट्रायलला झोपायच्या जागांपेक्षा माणसं जास्त असतात: गोदीचे लोक, मालकांचे लोक, क्लासचे (जहाज तपासून दाखला देणाऱ्या संस्थेचे) सर्व्हेयर, इंजिन कंपनीचे, रडार कंपनीचे, एसीवाले. यादीत तुमच्या नावापुढे कोणता लाइफराफ्ट आहे ते स्वतः वाचा. मित्राला विचारू नका, त्यानेही वाचलेलं नसतं.

सामानात टॉर्च दोन घ्या, त्यातला एक डोक्यावर बांधायचा. कानाचे मफ, टोकाला पोलाद असलेले बूट, सुती बॉयलर सूट. नायलॉन नको, गरम पाइपला टेकला तर अंगाला चिकटतो. छोटी वही, दोऱ्याने खिशाला बांधलेली पेन्सिल. पेन लाटेत कधी चालतं कधी नाही, शिवाय बिल्जमध्ये, म्हणजे तळातल्या साचलेल्या घाण पाण्यात, पडतं.

बोट लागणं

हे लपवू नका. ज्यांना लागत नाही तेही कधीतरी आडवे झालेले असतात. ॲव्होमिनसारखी गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. ती घेतली की गुंगी येते हे सुपरवायझरला सांगा आणि उंचावरचं काम मागू नका. आलेपाक खिशात ठेवा. रिकाम्या पोटी राहू नका, सुकी चपाती किंवा खारी बरी. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवर झोका कमी असतो. वर असाल तर क्षितिजाकडे बघा, मोबाइलकडे नको.

बंदरातून बाहेर पडताना

दोर सोडताना मूरिंग डेकवर तुमचं काम नसेल तर तिथे जाऊच नका. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा फिरतो, आणि तो कुठे फिरेल ते आधी सांगता येत नाही. टग ओढत असताना रेलिंगवर ओणवून फोटो काढणाऱ्याला सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, जे बोलतो ते इथे छापण्यासारखं नाही, पण तो बरोबर बोलतो.

जवाहर द्वीप मागे पडतं, उजवीकडे गेटवे आणि कुलाबा, डावीकडे करंजाचा डोंगर. इथपर्यंत पाणी गढूळ आणि शांत असतं. इंजिनरूममध्ये मात्र इथेच पहिलं काम निघतं. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या सी-चेस्टच्या मागे जाळीचे स्ट्रेनर असतात आणि मुंबईच्या बंदरातला गाळ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या त्यांना फार लवकर भेटतात. कूलिंगचा दाब हळूहळू उतरताना दिसला तर पंपाला दोष देण्याआधी स्ट्रेनरकडे बघा. पंपवाल्या कंपनीचा माणूस शेजारी उभा असेल तर तो तुम्हाला चहा पाजेल.

उजव्या हाताला प्रॉंग्सचं दीपगृह दिसतं, १८७५ सालचं. पुढे डावीकडे खांदेरी. प्रॉंग्स मागे पडला की पायाखालचं वागणं बदलतं. बंदरातल्या लाटा टपल्या मारतात. इथून पुढे लांब फुगवट्याची लाट जहाजाला पोटाखाली हात घालून उचलते. आता खरी ट्रायल.

पहिली लांब लाट: इथे जरा थांबून शिका

लाटेचा माथा जहाजाच्या मध्याखाली आला की दोन्ही टोकं लोंबतात. याला हॉगिंग म्हणतात. माथे दोन टोकांना आणि खळगा मध्ये आला की मधला भाग खाली जातो, ते सॅगिंग. हे दिवसभर, मिनिटाला अनेक वेळा चालतं. लांब जहाजावर बऱ्यापैकी लाट असताना खालच्या सरळ बोळाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाचा दिवा बघा. तो किंचित वरखाली होताना दिसेल. पहिल्यांदा पोटात गोळा येतो. येऊ दे. तो दिवा अजिबात हलला नसता तर काळजीचं कारण होतं.

गोविंदा पथकात सराव केलेल्यांना हे लगेच कळेल. खालच्या थरातला माणूस खांबासारखा ताठ उभा राहिला तर थर कोसळतो. गुडघ्यात थोडी लवचीकता आणि शेजाऱ्याच्या खांद्यावर घट्ट पकड, दोन्ही लागतं. जहाजात कुठे पकड हवी आणि कुठे सूट हवी हे ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं, पण उत्साही हात ते विसरतात. लांब पाइपलाइनला काही क्लॅम्प घट्ट असतात आणि बाकीच्यांत पाइपला सरकायला जागा ठेवलेली असते. मध्ये यू आकाराचं वळण किंवा बेलो, म्हणजे दबणारा-ताणणारा घड्यांचा तुकडा, असतो. पाइप तापून लांबतो, जहाज वाकतं, ते सगळं त्या जागेत जिरतं.

माझ्या दुसऱ्या ट्रायलला एका जहाजावर लाटेत शिरल्यावर लुब ऑइलच्या पाइपचा एक फ्लॅंज पाझरायला लागला. मी तरुण, हातात पाना. आवळला. दहा मिनिटांनी पुन्हा थेंब. पुन्हा आवळला. मग थेंब थांबला आणि पुढच्या फ्लॅंजला सुरू झाला. मी तिकडे गेलो. देवगडकडचे एक चार्जहँड पायऱ्यांवर बसून हे बघत होते. म्हणाले, "अरे, ह्यो रडता हंय, पण तेका पिळता कोण ता बघ." उठले, दोन मीटर मागे गेले आणि एका क्लॅम्पवर टॉर्च मारला. तो सरकता असायला हवा होता. कुणीतरी, बहुतेक तपासणीच्या आदल्या रात्री, "सैल दिसतो" म्हणून कचकचून आवळला होता. सर्व्हेयरला सांगून तो मोकळा केला, गॅस्केट बदलली आणि पाइप गप्प झाला. त्या दिवसापासून गळती दिसली की मी आधी दोन्ही बाजूंच्या सपोर्टपर्यंत चालत जातो, पाना खिशात ठेवून.

वेल्डिंगने जोडलेल्या जहाजांत हा प्रश्न जास्त कडक आहे. रिव्हेटच्या जमान्यात प्लेटला तडा गेला तर तो बहुधा प्लेटच्या कडेला थांबायचा. वेल्डिंगमध्ये प्लेट संपतच नाही, तडा पुढे जाऊ शकतो. जानेवारी १९४३मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड इथे स्केनेक्टडी नावाचा नवा टँकर ट्रायल करून परत आला आणि धक्क्याला शांत उभा असताना मधोमध फुटला. थंडीत ठिसूळ होणारं पोलाद, खराब वेल्डिंग आणि एका जागी साचलेला ताण, असे दोष सापडले. म्हणून डेकवरची भोकं आणि हॅचचे कोपरे गोल ठेवलेले दिसतील. तिथे जाताय तर रंगाचा पापुद्रा फुटून केसाएवढी रेघ आली आहे का हे डोळ्यांनी बघा. आली असेल तर बोट न लावता सुपरवायझरला हाक मारा.

इंजिन चढवताना

पूर्ण ताकद एकदम कुणी देत नाही. पाव, अर्धी, पाऊण, असं टप्प्याटप्प्याने चढवतात आणि प्रत्येक टप्प्यावर तापमान स्थिर होईपर्यंत थांबतात. नव्या बेअरिंगचे पृष्ठभाग आणि नव्या पिस्टन रिंगा एकमेकींवर घासून बसायला वेळ घेतात. घाई केली तर घासणं खरवडण्यावर जातं.

रीडिंग घेण्याचं काम बहुतेक तुमच्याकडेच येईल. नुसता आकडा लिहू नका, चढ लिहा. शाफ्ट बाहेर जातो तिथल्या स्टर्न ट्यूब बेअरिंगचं तापमान ४५ आहे यात फारसं काही नाही. मागच्या पंधरा मिनिटांत ते ४० वरून ४५ झालं की दोन तास ४५ वरच आहे, यात सगळं आहे. शेजारच्या बेअरिंगपेक्षा एखादं वेगळं चाललं तर अलार्मची वाट बघू नका.

टॅकोमीटरवर एक लाल पट्टा असेल. त्या आरपीएमच्या पट्ट्यात इंजिनाचे धक्के आणि शाफ्टचा स्वतःचा पीळ खाण्याचा ताल जुळतो आणि शाफ्टमधला पिळाचा ताण वाढत जातो. तो पट्टा झटकन ओलांडायचा, त्यात रेंगाळायचं नाही. ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकतात त्या वरच्या खोलीतून, नेमका तिथलाच वेग मागितला गेला तर चीफ इंजिनिअर फोनवर काय उत्तर देतो ते ऐका, आयुष्यभर लक्षात राहील.

लुब ऑइलच्या फिल्टरचा दाबाचा फरक पहिल्या काही तासांत वाढणार. कितीही फ्लशिंग केलं तरी पाइपात काहीतरी उरतंच. फिल्टर उघडल्यावर निघालेला कचरा फेकू नका. पांढऱ्या कापडावर पसरून टॉर्चखाली बघा. गोल काळे मणी म्हणजे वेल्डिंगचे, पापुद्रे म्हणजे रंगाचे, धागे म्हणजे आपल्याच कुणाच्या कॉटन वेस्टचे, म्हणून सुटं कॉटन वेस्ट तिथे न्यायचंच नाही. चांदीसारखा मऊ चकचकीत चुरा दिसला तर तो बेअरिंगचा व्हाइट मेटल असू शकतो. तो लगेच, चालत नव्हे, पळत चीफला दाखवा. बाकीचा कचरा पिशवीत घालून वर वेळ लिहा.

थरथर शोधायची एक सोपी रीत. एखाद्या ठरावीक आरपीएमला रेलिंग, छताचं पॅनेल किंवा दिव्याची जाळी भुणभुणायला लागते. तळहाताने एकेक वस्तू दाबत जा. जी दाबल्यावर आवाज थांबतो ती दोषी. गरम किंवा फिरत्या वस्तूला अर्थातच हात नाही. वहीत आरपीएम लिहा, कारण धक्क्याला परत आल्यावर ती वस्तू एकदम साळसूद होते आणि ब्रॅकेट कुठे मारायचा हे कुणालाच आठवत नाही.

सुकाणू, वळणं आणि कचकन थांबणं

जहाज पूर्ण वेगात असताना सुकाणू एका बाजूच्या ३५ अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांपर्यंत २८ सेकंदांत गेलं पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. स्टिअरिंग गिअरच्या खोलीत स्टॉपवॉच घेऊन बसायची संधी मिळाली तर सोडू नका. सुकाण्याने ब्रिजवर चाक फिरवलं, ते इथे तेलाच्या दाबाने सिलिंडरला ढकलतं, खाली सुकाणू पाण्याशी भांडतं आणि सगळ्या जहाजाची शेपटी थरथरते. फोनवरच्या माणसाशी सेकंद जुळवून घ्या. ब्रिजचा इंडिकेटर आणि इथली खरी पट्टी यांत फरक निघाला तर तोही एक सांधाच.

पूर्ण वर्तुळात फिरवून वळणाचा व्यास मोजतात. तो जहाजाच्या लांबीच्या पाच पटींच्या आत हवा. पूर्ण वेगातून उलटं इंजिन देऊन थांबवतात, तेव्हा साधारणपणे पंधरा लांब्यांच्या आत थांबायला हवं. दोन्हींच्या आधी अनाउन्समेंट होते. ती ऐकली की हातातलं काम सोडा, एक हात कशाला तरी धरा, सुटं सामान बांधा. एकदा कुणीतरी विसरलेली टूलबॉक्स वर्तुळात इंजिनरूमच्या प्लेटवरून घसरत आली आणि माझ्या घोट्यापासून वीतभरावर थांबली. ती माझीच होती.

उलट्या इंजिनाच्या वेळी सगळं जहाज तापातल्या माणसासारखं थडथडतं. घाबरू नका. थडथड थांबल्यावर नटांच्या रेघा बघा, सुरक्षित जागेवरून.

नांगर

विंडलासने, म्हणजे नांगर उचलणाऱ्या यंत्राने, साडेब्याऐंशी मीटर खोलीपासून साडेसत्तावीस मीटरपर्यंत नांगर मिनिटाला सरासरी नऊ मीटरने उचलावा, अशी कसोटी असते. गंमत अशी की मुंबईसमोर एवढं खोल पाणी पटकन मिळत नाही. इथलं समुद्रबूड फार दूरवर उथळच राहतं. मुंबई हायला, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, पाणी पाऊणशे मीटरच्या आसपास. म्हणून एकतर दूर जायचं, नाहीतर सर्व्हेयरच्या संमतीने उथळ पाण्यात पर्यायी चाचणी. साखळी सुटताना गंज आणि वाळलेला चिखल उडतो. गॉगल लावा, साखळीच्या रेषेत उभं राहू नका.

उथळपणाचा त्रास वेगाच्या चाचणीलाही होतो. तळाखाली पाणी कमी असलं की जहाज खाली बसतं आणि वेग मार खातो, म्हणून त्यासाठीही बाहेरच जातात. एकाच रेषेवर एकदा जाऊन एकदा परत यायचं, म्हणजे प्रवाहाची मदत आणि अडथळा दोन्ही हिशेबात येतात. तो तास तुम्ही झोपलात तरी चालेल.

ब्लॅकआउट

ही माझी आवडती चाचणी, आणि नवख्यांनी सगळ्यात जास्त शिकण्याची. मुद्दाम वीज घालवतात. पंखे, पंप, एसी, दिवे, सगळं एकदम गप्प. जहाज इतकं शांत होऊ शकतं हे तोवर माहीतच नसतं. डोक्यावरचा टॉर्च लावा आणि मनात मोजायला लागा. इमर्जन्सी जनरेटर आपोआप सुरू होऊन ४५ सेकंदांच्या आत वीज द्यायला हवी.

एका जहाजावर तो विसाव्या सेकंदालाच सुरू झाला. टाळ्या पडल्या. काही मिनिटांनी तापून बंद. झालं होतं असं: जनरेटर इलेक्ट्रिकवाल्यांचा, त्यांचा पास. त्या खोलीला हवा देणारा लूव्हर, म्हणजे झडपांची खिडकी, व्हेंटिलेशनवाल्यांचा, त्यांचाही पास. पण लूव्हर उघडायला लागणारी कॉम्प्रेस्ड हवा मेन लाइनवरून घेतलेली होती आणि तिथे दाब उरला नव्हता. दोन्ही खात्यांची कागदपत्रं निर्दोष. मधल्या अर्ध्या इंचाच्या नळीचा मालक कुणीच नव्हता.

म्हणून वीज परत येते तेव्हा नुसते दिवे बघू नका. पंप कोणत्या क्रमाने परत सुरू होतात ते लिहा. लुब ऑइलचा आधी की एसीचा? काय आपोआप आलं, काय हाताने चालू करावं लागलं? कोणता दरवाजा किंवा डॅम्पर जागचा हलला नाही? या यादीला पुढे मोल येतं.

माणसांचे सांधे

जहाज चालवणारा क्रू आणि बांधणारी गोदी हेही पहिल्यांदाच एकत्र काम करत असतात. दोघांची भाषा वेगळी. गोदीत आपण "तीन नंबरचा पंप" म्हणतो, क्रू त्याच पंपाला दुसऱ्याच नावाने ओळखतो. डेकवर सारंग आणि त्याच्या हाताखालच्या टिंडलचा शब्द चालतो, इंजिनात बडासाब म्हणजे चीफ, त्याखाली सेकंडसाब, तीनसाब. तुम्ही बांधलेला व्हॉल्व्ह असला तरी ट्रायलला तो फिरवण्याआधी वॉचवर कोण आहे त्याला विचारा. टॅग लावलेल्या कशालाही हात नको. बिघाड दिसला तर "हे इलेक्ट्रिकवाल्यांचं" असं म्हणून पुढे जाऊ नका. इलेक्ट्रिकवाल्याला हाताला धरून आणा आणि दोघांनी मिळून बघा. भंडाऱ्याशी, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाक्याशी, मात्र पहिल्या तासातच ओळख करून घ्या. रात्री दोनला गरम चहा नियमाने मिळत नाही.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, पण एरवी ट्रायलच्या वाटेवर मच्छीमार बोटी आणि जाळी असतातच. रात्री ब्रिजवर जागा असेल आणि कॅप्टनची परवानगी असेल तर बाहेर नजर ठेवायला डोळे द्या. एकदा जाळं प्रोपेलरमध्ये गेलं की मच्छीमाराचं नुकसान आणि आपली ट्रायल पाण्यात.

एक ऐकण्यासारखी गोष्ट कंपासवाल्याकडे असते. जहाज बांधताना ज्या दिशेला तोंड करून उभं असतं, त्या दिशेची थोडी चुंबकीय खूण ठोकाठोकीत पोलादात मुरते आणि होकायंत्र त्यामुळे चुकतं. म्हणून जहाज गोल फिरवून एकेका दिशेचा फरक काढतात आणि चुंबकं लावून तो कमी करतात.

वही कशी लिहायची

"पंपाजवळ आवाज" हे निरुपयोगी. वेळ, आरपीएम, डेक, फ्रेम नंबर (जहाजाच्या फासळीचा), डावी बाजू की उजवी, आणि तेव्हा जहाज काय करत होतं: सरळ, वळत, उलटं. आवाज कसला तेही तुमच्या शब्दांत लिहा. "जात्यासारखा", "कुकरच्या शिट्टीआधीसारखा" असं लिहिलं तरी हसू नका. अनुभवी माणसाला त्यातून कळतं. तुम्ही काही आवळलं, सैल केलं, बदललं तर ते आधी विचारून करा आणि नंतर लिहा. न सांगता केलेली दुरुस्ती ही पुढच्या माणसासाठी नवी भानगड असते.

परतताना

इंजिन बंद झाल्यावर क्रँकशाफ्टचं डिफ्लेक्शन, म्हणजे तो किती वाकतो याचं माप, गरम असतानाच घेतात, म्हणून फिटरची टोळी तयार हवी. क्रँककेसचं दार मात्र चीफने सांगितल्याशिवाय उघडायचं नाही. आत तेलाची गरम वाफ असते आणि घाईने हवा आत गेली तर स्फोट होऊ शकतो.

भरती चुकली तर पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे बारा तासांहून थोडं अधिक, बाहेर नांगरावर थांबावं लागेल. लोक या वेळात पत्ते काढतात. तुम्ही आधी तासभर काढून वही पंच लिस्टसाठी, म्हणजे उरलेल्या दोषांच्या यादीसाठी, स्वच्छ उतरवून घ्या आणि मूळ वहीची मोबाइलवर छायाचित्रं ठेवा, वह्या हरवतात. मग टॉर्च घेऊन नटांच्या रेघा बघत एक फेरी मारा. तुटलेल्या रेघांचे नट सुपरवायझरसमोर टॉर्कवर आवळा आणि त्यांवर दुसऱ्या रंगाची रेघ ओढा. पहिल्या वेळी पांढरी होती तर आता पिवळी. पुढच्या ट्रायलला पिवळीही तुटलेली दिसली, तर तो नट पुन्हा आवळू नका. त्याच्या खालचा चॉक, म्हणजे यंत्राच्या बैठकीखालचा आधाराचा तुकडा, उघडून बघायला सांगा.